मसावि-लसाविसाठी क्युझनेअर पट्ट्या: जूनपासून वापरल्यानंतरचा अनुभव

पुण्यात सहकारनगरला मी घरीच सहावी-सातवीच्या मुलांचे गणिताचे वर्ग घेते. बहुतेक मुलं सेमी इंग्रजीची. जूनमध्ये शाळा सुरू होताना क्युझनेअर पट्ट्यांचे दोन संच घेतले होते. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे आणि मधल्या काळात ह्या पट्ट्या आठवड्यातून एकदा तरी टेबलावर आल्याच, त्यामुळे सविस्तर लिहिते आहे. माझं मत असं, की विभाजक आणि विभाज्य, म्हणजेच मसावि (महत्तम सामाईक विभाजक) आणि लसावि (लघुत्तम सामाईक विभाज्य), शिकवायला यापेक्षा चांगलं साधन मला अजून मिळालेलं नाही. पण संच डोळसपणे निवडावा लागतो, आणि पट्ट्या कुठे थांबवायच्या हेही ठरवावं लागतं.

ज्यांनी त्या पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी: एक सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंत दहा लांबींच्या ह्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक लांबीचा रंग ठरलेला असतो. बेल्जियममधले शिक्षक जॉर्ज क्युझनेअर यांनी त्या तयार केल्या आणि १९५२ मध्ये त्यांवरची पुस्तिका प्रसिद्ध केली. रंग शोभेसाठी दिलेले नाहीत. लाल २, जांभळा ४ आणि तपकिरी ८ हे एक कुटुंब. पोपटी ३, गडद हिरवा ६ आणि निळा ९ हे दुसरं. पिवळा ५ आणि केशरी १० तिसरं. काळा ७ एकटाच, कारण दहाच्या आत त्याचा दुसरा सोबती नाही. पांढरा १ सगळ्यांमध्ये बसणारा. म्हणजे अवयवांचं नातं रंगातच भरलेलं आहे. बाजारात काही संच असे मिळतात ज्यांत रंग मनाला येतील तसे दिलेले असतात. ते घेऊ नका. मोजायला ते चालतील, ह्या धड्याला नाहीत.

सुरुवात मी १२ आणि १८ पासून करते. केशरी आणि लाल जोडून १२, केशरी आणि तपकिरी जोडून १८. मग मुलांना एकच काम: कोणतीही एकच रंगाची पट्टी घ्या आणि ह्या दोन्ही लांबी तिने पूर्ण भरून दाखवा. जांभळी घेतली तर १२ तीन पट्ट्यांत भरतं, पण १८ पाशी चार पट्ट्यांनंतर दोन सेंटीमीटरची फट उरते. ती फट मुलांना दिसते, बोट घालून पाहता येते. वहीत ‘४ ने १८ ला भाग जात नाही’ असं शंभरदा लिहून जे होत नाही ते इथे एका मिनिटात होतं. शेवटी पांढरी, लाल, पोपटी आणि गडद हिरवी एवढ्याच उरतात. सर्वांत लांब गडद हिरवी, म्हणून मसावि ६. इथे घाई करू नये. उरलेल्या तिन्ही रंगांनी ती हिरवी पट्टी भरून पाहायला सांगावं. प्रत्येक सामाईक विभाजक मसाविला भागतोच, हे मुलं स्वतःहून बोलून दाखवतात. ही गोष्ट मी आधी फळ्यावर सांगत असे, तेव्हा ती कुणाच्याच लक्षात राहत नसे.

लसाविसाठी उलटा खेळ. एका ओळीत गडद हिरव्या, शेजारच्या ओळीत तपकिरी, आणि दोन्ही ओळींची टोकं पहिल्यांदा कुठे जुळतात ते पाहायचं. चार हिरव्या आणि तीन तपकिरी, २४. तबला शिकणारी एक मुलगी माझ्याकडे येते. ती पट्ट्यांकडे बघून लगेच म्हणाली, “ताई, हे तर दादरा आणि केरवा!” दादरा सहा मात्रांचा, केरवा आठ मात्रांचा, दोन्ही एकदम सुरू केले तर दोघांची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, पुन्हा एकत्र येते ती चोवीस मात्रा झाल्यावर. मग तिने टेबलावर एका हाताने सहा आणि दुसऱ्याने आठ धरायचा प्रयत्न केला आणि अख्खा वर्ग टाळ्या मोजायला लागला. गणपतीच्या आधीचे दिवस होते, आजूबाजूला ढोल-ताशाचा सराव चालू होता, त्यामुळे आवर्तन म्हणजे काय हे कुणालाच समजवावं लागलं नाही. तेव्हापासून मी दर वर्गात एक तरी लसावि टाळ्यांवर करून घेते. रूपक सात मात्रांचा, झपताल दहाचा, त्यांची सम थेट सत्तराव्या मात्रेनंतर जुळते. ७ आणि १० ला एकच्या पुढे सामाईक विभाजक नसल्याचा अर्थ मुलांना कानाने कळतो.

आता संचातली मुख्य अडचण. ७४ पट्ट्यांच्या नेहमीच्या संचात पांढऱ्या २२, लाल १२, पोपटी १०, जांभळ्या ६, आणि पिवळ्यापासून केशरीपर्यंत प्रत्येकी चारच असतात. बेरीज-वजाबाकीला पुरेशा आहेत. लसाविला नाहीत. ८ आणि १० चा लसावि ४० दाखवायला पाच तपकिरी लागतात आणि डब्यात चार! ५ आणि ७ ला सात पिवळ्या हव्यात. दोन संचांत ७ आणि ८ कसेबसे बसतात: आठ काळ्या, सात तपकिरी, ५६ सेंटीमीटरची लांबलचक ओळ. ७ आणि ९ ला नऊ काळ्या लागतात, तिथे दोन संचही कमी पडतात. वर्ग घेणाऱ्यांनी म्हणूनच किमान दोन संच धरून चालावं.

ओळ लांब झाली की दुसरी अडचण समोर येते. पट्ट्या सरकतात, मध्ये फटी पडतात, आणि स्वस्त संचात एखादी पट्टी अर्धा मिलिमीटर आखूड असते. दहा पट्ट्यांत हा फरक अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत जातो. तीन निळ्या २७ आणि चार काळ्या २८, यांत मुळात एकाच सेंटीमीटरचा फरक, आणि असा संच असेल तर टोकं जुळली की नाही यावरून वाद सुरू होतात. माझ्या दोन संचांपैकी एकात हा दोष निघाला. दुकानात डबा उघडून दहा पांढऱ्या एका केशरीला लावून पाहा; तिथेच कळतं. सरकण्यावर उपाय इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळाला: वायरिंगची केसिंग-पट्टी, दोन ओळी शेजारी बसतील एवढ्या रुंदीची. तिच्यात पट्ट्या घट्ट बसतात आणि मुलांचं लक्ष गणितावर राहतं.

मला सर्वांत जास्त आनंद दिला तो सतत भागाकाराच्या पद्धतीने. युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात ती मांडली, आणि आपल्याकडे आर्यभटाच्या कुट्टकातही (पूर्णांकांत उत्तर हवं असलेली समीकरणं सोडवायची रीत) हाच एकमेकांना भागत जाण्याचा क्रम आहे. शाळेत मात्र तो मांडणी म्हणून पाठ केला जातो. पट्ट्यांवर २४ आणि १५ शेजारी ठेवा. उरलेली लांबी ९. ती ९ आता १५ शेजारी, उरले ६. ६ ही ९ शेजारी, उरले ३. ३ हे ६ मध्ये पूर्ण बसतात, मसावि ३. जी पट्टी दोन्ही मोठ्या लांबींना भरते तिने उरलेल्या फटीलाही भरायलाच हवं, हे कारण हाताखाली दिसत असतं. एकदा ते कळलं की ९१ आणि १४३ अशी, अवयव पटकन न सुचणारी जोडी मुलं कागदावर सोडवतात: ५२, मग ३९, मग १३. पट्ट्या काढायची गरजच पडत नाही, आणि माझ्या मते साधनाचं काम तिथे फत्ते झालं.

‘मसावि गुणिले लसावि म्हणजे संख्यांचा गुणाकार’ हा नियमही असाच उलगडतो. ६ म्हणजे तीन लाल, ८ म्हणजे चार लाल. तीन-तीन आणि चार-चारच्या उड्या बारा लालांवर जुळतात, म्हणजे २ × ३ × ४. उलट ६ × ८ मध्ये तो २ दोनदा आला, एकदा जास्त. तो जादा २ म्हणजेच मसावि. आणि हा नियम तीन संख्यांना लावू नये हे त्याच दिवशी सांगून टाका: ४, ६, १० चा मसावि २, लसावि ६०, गुणाकार १२०, पण तिन्ही संख्यांचा गुणाकार २४०.

पट्ट्या जे करत नाहीत तेही सांगते. शाब्दिक उदाहरणात मसावि काढायचा की लसावि, हे त्या सांगत नाहीत. त्यासाठी मी गणित सुरू होण्याआधी एकच प्रश्न विचारते: उत्तर दिलेल्या संख्यांपेक्षा मोठं येणार की लहान? स्वारगेटहून एक बस दर १२ मिनिटांनी आणि दुसरी दर १८ मिनिटांनी सुटते, आत्ता दोन्ही एकदम सुटल्या, पुन्हा एकदम कधी? १८ च्या आधी ते शक्य नाही, तेव्हा लसावि, ३६ मिनिटं. ४२० सेंटीमीटर लांब, ३०० सेंटीमीटर रुंद खोलीत न कापता बसणारी मोठ्यात मोठी चौरस फरशी? ती ३०० पेक्षा मोठी असूच शकत नाही, तेव्हा मसावि, ६० सेंटीमीटर. हा प्रश्न विचारायची सवय लागली की १२ आणि १८ चा लसावि ६ लिहिणारी मुलं स्वतःच थबकतात.

शिष्यवृत्तीच्या तयारीत येणारी ‘प्रत्येक वेळी बाकी १’ वाली उदाहरणं (दिलेल्या प्रत्येक संख्येने भागलं तर बाकी १ उरेल अशी लहानात लहान संख्या शोधा) मात्र पट्ट्यांवर सुरेख समजतात. ४ आणि ६ च्या ओळी १२ वर जुळवा आणि दोन्हींच्या टोकाला एक-एक पांढरी लावा: १३. मग ५, ६, ८ साठी १२० अधिक १ हे १२१ कागदावरच निघतं. तीन संख्यांची उभी मांडणी शिकवायला पट्ट्यांचा उपयोग नाही. लसावि काढताना दोनच संख्यांना भाग जात असला तरी पुढे जायचं आणि मसाविसाठी तिघांना सामाईक भाग जायचा थांबला की थांबायचं, हा फरक १२, १५, २० घेऊन फळ्यावरच करून घ्यावा लागतो. मसावि १, लसावि ६०.

लाकडी संच घ्यावा की प्लास्टिकचा? माझे लाकडी आहेत. लाल आणि काळ्या पट्ट्यांचा रंग कोपऱ्यांवर थोडा उडाला, बाकी पावसाळ्यातही काही झालं नाही. एका संचाला पाचशेहून थोडे जास्त पडले. अप्पा बळवंत चौकात शैक्षणिक साहित्याच्या दुकानांत विचारून पाहा. तिथे डबा उघडून पाहता येतो, हा ऑनलाइनपेक्षा मोठा फायदा.

घरी एकच मूल असेल तर एक संच पुरेल, मात्र कमी पडणाऱ्या लांबी जाड पुठ्ठ्यातून कापून घ्या: पिवळ्या, तपकिरी, निळ्या आणि केशरी प्रत्येकी सहा, काळ्या पाच-सहा. रंग संचाप्रमाणेच द्या. पुठ्ठा एक सेंटीमीटरच्या चौकटीच्या कागदाखाली धरून कापला तर लांबी अचूक येते, आणि हे कापण्याचं काम मुलाकडूनच करून घेतलंत तर सहाच्या आणि आठच्या पट्ट्या किती लागतील याचा हिशेबही तोच करेल.