एफएसए खातं : बडोद्यातली बिलं अमेरिकेत मंजूर होतात, पण पावती नीट हवी

डिसेंबरात अमेरिकेहून बडोद्याला आलेली मंडळी येण्याआधीच रावपुऱ्यात किंवा अलकापुरीत दातांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवतात. रूट कॅनाल, कॅप, जमल्यास चष्म्याच्या दोन जोड्या. हा खर्च तिकडच्या नोकरीतल्या एफएसए (फ्लेक्झिबल स्पेंडिंग अकाउंट, म्हणजे उपचारांच्या खर्चासाठी पगारातून बाजूला काढलेले पैसे) खात्यातून परत मिळू शकतो, आणि हे अनेकांना माहीतच नसतं. खातं चांगलंच आहे. अडतं ते आपल्याकडच्या बिलांवर.

वर्षाची रक्कम आधी ठरवायची, २०२६ साठी जास्तीत जास्त ३,४०० डॉलर. ती कर लागण्याआधीच थोडीथोडी पगारातून कापली जाते, पण ठरवलेली पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. ही सोय फार मोलाची. उलट बाजू अशी की वर्ष संपलं की उरलेले पैसे जातात. कंपनीने मुभा दिली असेल तर ६८० डॉलरपर्यंत पुढे नेता येतात किंवा अडीच महिने जादा मिळतात. दोन्ही एकदम नाही, आणि यातलं काहीच न देणाऱ्या कंपन्याही आहेत.

आता पावती. तिच्यावर पाच गोष्टी हव्यात : दवाखान्याचं नाव, रुग्णाचं नाव, उपचाराची तारीख, नेमका उपचार आणि रक्कम. लेटरपॅडवर ‘ट्रीटमेंट चार्जेस रु. १८,०००’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते बिल परत येतं. कारण साधं आहे : दात पांढरे करण्याचा खर्च या खात्यात बसत नाही, आणि तपासणाऱ्याला तो रूट कॅनालपासून वेगळा ओळखता यायला हवा. म्हणून ‘खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल’ असं इंग्रजीत लिहून मागावं. गुजरातीत छापलेलं बिल असेल तर सोबत भाषांतर जोडावं. यूपीआयचा स्क्रीनशॉट किंवा कार्डाची स्लिप ही फक्त पैसे दिल्याची खूण. तिच्यावर उपचार कुठला ते कळत नाही.

सगळ्यात जास्त चुका तारखेत होतात. पैसे कधी दिले ते पाहत नाहीत, उपचार कधी झाला ते पाहतात. २८ डिसेंबरला रूट कॅनाल आणि ३ जानेवारीला कॅप बसली, तर खातं जानेवारी ते डिसेंबर चालणाऱ्यांसाठी ही दोन वर्षांची दोन बिलं झाली. सगळे पैसे डिसेंबरात आगाऊ भरले तरी, जादा अडीच महिन्यांची मुभा नसेल तर, कॅपचा खर्च नव्या वर्षातच जातो. दवाखान्याला पहिल्याच दिवशी सांगून बिलं वेगळी करून घ्यावीत. नंतर फोनवरून दुरुस्ती करून घेणं कठीण जातं.

औषधांचा नियम बारकाईने वाचण्यासारखा आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, दोन्ही देशांत कायदेशीर असलेलं औषध बडोद्यात विकत घेऊन बडोद्यातच घेतलं तर चालतं. स्वस्त पडतं म्हणून सहा महिन्यांचा साठा बॅगेत भरून नेला तर तो खर्च धरत नाहीत. तब्येतीला बरं म्हणून घेतलेलं च्यवनप्राश तर नाहीच. विमानाचं तिकीटही विसरावं, घरच्यांना भेटायला आलात तर तो उपचारासाठीचा प्रवास ठरत नाही.

एफएसएच्या कार्डावर इथे विसंबू नये. स्वतःच्या कार्डाने पैसे भरून नंतर दावा करावा आणि त्या दिवशीचा डॉलरचा दर लिहून ठेवावा. मेडिकल स्टोअरची थर्मल कागदावरची पावती त्याच दिवशी स्कॅन करावी, उन्हात तापलेल्या गाडीत ती लवकर पुसट होते. लॅमिनेट तर मुळीच करू नये, उष्णतेने अख्खा कागद काळा पडतो.

नवरा, बायको, मुलं यांचा खर्च चालतो. बडोद्यात राहणाऱ्या भारतीय नागरिक आईवडिलांचा चालत नाही, मुलाच्या पैशावर घर चालत असलं तरी. अमेरिकेच्या करकायद्यात ते अवलंबित धरले जात नाहीत. आईच्या मोतीबिंदूची मूळ बिलं आणि डिस्चार्ज कार्ड वेगळ्या पाकिटात ठेवावं, ती इथल्या मेडिक्लेमला लागतील.