तीन थरांची हवाबंद बॅग: मक्यासाठी वापरून बघितली

घरच्या कोंबड्या आणि गायींपुरता मका साठवायला या सीझनला ही बॅग घेतली. आत प्लास्टिकचे दोन जाड लायनर (आतल्या पिशव्या), बाहेर आपली नेहमीची विणलेली गोण. साध्या बारदानाच्या कितीतरी पट महाग, घेताना जिवावर येतं, पण किडीच्या बाबतीत पैसे वसूल, तोंड नीट बांधलं की आतला ऑक्सिजन संपतो आणि सोंडेकिडे तिथंच मरतात, पावडर नको की गोळ्या नको, घरात लहान पोरं असतील तर हे फार बरं.

आता बुरशीचं. दुकानदार बिनधास्त सांगतो, "यात भरा, माल विषमुक्त." चक्क थाप! ॲस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी बऱ्याचदा शेतातच लागते, दाणे भरताना पाण्याचा ताण पडला किंवा अळीनं कणीस पोखरलं की आत शिरते, आणि तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष एकदा दाण्यात उतरलं की बॅगेत काय, शिजवून-भाजूनही पुरतं जात नाही. बॅग फक्त पुढची वाढ रोखते, तेही मका १२-१३ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला असेल तर. ओला भरलात तर आतल्या आत आंबणार, ओल बाहेर पडायला जागाच नाही ना.

मॉइश्चर मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बरणीत थोडा मका आणि कोरडं मीठ घालून जोरात हलवा. मीठ काचेला चिकटलं तर मका ओलाय, अजून वाळवा. नाही चिकटलं तर साधारण १५ टक्क्यांच्या खाली आलाय एवढंच समजायचं, म्हणजे अजून एक-दोन कडक उन्हं हवीतच.

काळे, फुटके, बुरसलेले दाणे भरायच्या आधीच निवडून काढा आणि "जनावरांना चालतंय" म्हणून गायीपुढे टाकू नका राव, ते विष गायीच्या पोटात बदलून 'अफ्लाटॉक्सिन एम-१' या रूपात दुधात उतरतं. १९७४ ला गुजरात-राजस्थानच्या पंचमहाल-बांसवाडा भागात असला मका खाऊन शंभरावर माणसं गेली होती, लोकं तरी अजून बुरशी झटकून दळायला टाकतात.

बाकी तक्रारी म्हणजे उंदीर कुरतडतो, लायनरला बारीक भोक पडलं तरी खेळ खल्लास. दोन्ही लायनर वेगवेगळे पिळून बांधायचे, हे बॅगेवर कुठंही लिहिलेलं नाही. आणि रोज उघडून मका काढणार असाल तर हवा आत जातेच, मग कशाला घ्यायची? किडीसाठी साडेचार स्टार, बुरशीसाठी अडीच. रोजच्या वापराचा मका साध्या पोत्यात ठेवा, लवकर लागणार नाही तोच यात भरा.