गोलबर्नचा मोठा मेंढा

सिडनीहून कॅनबेराला जाताना 195 किलोमीटरच्या सुमारास गोलबर्न लागतं. ह्यूम हायवे सोडून आत वळलो आणि पेट्रोल पंपाशेजारी तो दिसला. 'बिग मेरिनो', मेरिनो जातीचा काँक्रीटचा मेंढा. 15.2 मीटर उंच, 18 मीटर लांब, वजन 97 टन. गावात त्याला 'रॅम्बो' म्हणतात.

ऑस्ट्रेलियात रस्त्याकडेला अशी अवाढव्य शिल्पं पुष्कळ आहेत. बलिनाला कोळंबी आहे, किंग्स्टनला लॉबस्टर. मला मात्र हा मेंढाच बघायचा होता. आमचा आज्जा जत तालुक्यात मेंढरं राखायचा, दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचा.

फोटो नंतर काढले. आधी बाजारात जनावर पारखतात तशी पूर्ण फेरी मारली. करणाऱ्याला मेंढा माहीत होता, हे लगेच कळतं. मानेखाली कातडीच्या वळ्या आहेत, शिंगांना खरा पीळ आहे, अंगावर लोकरीचा भार दिसतो. नराची खूणही लपवलेली नाही. मागून बघा, पुढून बघा, मेंढाच. रंगीत, गोंडस खेळणं केलं नाही, याचा मला फार आनंद झाला.

आत खाली दुकान आणि वर लोकरीच्या इतिहासाचं प्रदर्शन. आम्हाला तिकीट पडलं नाही. दुकानातला मेरिनोचा मोजा हातात घेतला आणि आज्जाचं घोंगडं आठवलं. दख्खनी मेंढीची लोकर जाड, अंगाला टोचायची, पण रिमझिम पावसात तेच घोंगडं डोक्यावर घेऊन तो रानात उभा राहायचा. मेरिनोचा धागा इतका बारीक की नुसत्या अंगावर घातला तरी टोचत नाही. गोलबर्नच्या आसपासचा मुलूख या बारीक लोकरीसाठीच नावाजलेला.

मेंढा 1985 साली उभा राहिला, तेव्हा हायवे गावातूनच जायचा. 1992 मध्ये बायपास झाला आणि गाड्या बाहेरून जाऊ लागल्या. येणारी माणसं कमी झाली. शेवटी 2007 मध्ये हा 97 टनांचा मेंढा सुमारे 800 मीटर हलवून हायवेच्या फाट्याजवळ आणला. चारा संपला की आज्जा वाडा हलवायचा, इथे गिऱ्हाईक हललं म्हणून मेंढा हलला.

आजूबाजूला बघण्यासारखं काही नाही, पंप आणि खाण्याची दुकानं. तरी अर्धा-पाऊण तास काढाच, मुलांना तर नक्की न्या.

तिथूनच वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. थोडा वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "शिंगं जवळनं दाखव की रं." मी परत पुढच्या बाजूला गेलो.