चामड्याच्या मुठीच्या नावाखाली माझ्या वडिलांचं पातं लाटलं

आधी आकडा सांगतो, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको. ११,८२० रुपये. सहा हप्त्यांत, माझ्याच हातानं, माझ्याच मोबाइलवरून पाठवलेले. पैशाचं दुःख एक वेळ गिळलं असतं. पण ज्या चाकूची मूठ बदलायला दिली त्याचं पातंच गायब झालंय, आणि ते बाजारात मिळणारं नाही. मोठ्या भावाला अजून सांगितलेलं नाही. त्याला काय तोंड दाखवू?

चाकू वडिलांचा. १९७९ साली आमच्या गावच्या लोहारानं ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यातून घडवून दिलेला. सात इंच पातं, सव्वा इंच रुंदी, पाठ चांगली जाड. लोहारानं पात्याच्या बुडाशी पंचानं तीन ठिपके मारले होते, त्याची खूण ती. वडील ऊस सोलायचे, दोर कापायचे, आणि मी पहिल्यांदा वासोट्याला निघालो तेव्हा त्यांनी तो माझ्या पिशवीत टाकला. तेव्हापासून डोंगरात माझ्याबरोबर तोच. बाभळीची मूठ या जानेवारीत उभी चिरली. नवी बाभळीची घातली असती तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

पण मित्राकडं चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून केलेल्या मुठीचा चाकू होता. ज्यांनी धरला असेल त्यांना माहीत आहे. १९४२ मध्ये अमेरिकन मरीन दलानं स्वीकारलेल्या का-बार चाकूला अशीच मूठ असते. पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत जाणारा भाग, बारीक ठेवायची, चामड्याच्या चकतीला, म्हणजे वायसरला, मधोमध खाच पाडायची, एकेक ओवायचा, दाबायचा, टोकाला टोपी घट्ट करायची आणि मग सगळं घासून आकार द्यायचा. घामानं सटकत नाही, थंडीत हाताला गार लागत नाही. तो चाकू धरला आणि मनात बसलं, वडिलांच्या पात्याला अशीच मूठ करायची.

मोबाइलवर एक जण सापडला. सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत गाळा आहे म्हणाला. कामाचे फोटो एकाहून एक. ते कुणाचे उचललेले होते देव जाणे. त्यानं व्हिडिओ कॉल करून बेल्ट ग्राइंडर चालू असलेला दाखवला. बोलणं आपल्याकडचं, साधं. वडिलांबद्दल विचारलं, मी भडाभडा सांगून बसलो. "दादा, वडिलांची आठवण आहे म्हटल्यावर मी नफा बघणार नाही," म्हणाला. तुमच्यापैकी कितीजण हे ऐकून परत फिरले असते? मी अडाणी नाही. शेती अवजारांचं दुकान आहे माझं, बावीस वर्षं झाली. खुरपं घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या बाईलासुद्धा मी सांगतो, मावशी, मुठीत शेपटी किती आत गेलीय ते बघून घ्या, नाहीतर चार दिवसांत डुगडुगायला लागेल. हेच ज्ञान स्वतःच्या वेळी कुठं गेलं, याचं उत्तर मला सापडत नाही.

१६ फेब्रुवारीला ४,००० ॲडव्हान्स. दोन दिवसांनी चाकू कुरिअरनं पाठवला. २७ तारखेला पितळी गार्ड, म्हणजे पातं आणि मुठीच्या मधली आडवी पट्टी, आणि टोपीचे २,३५०. इथपर्यंत ठीक, काम म्हटलं की पैसे लागतात.

९ मार्चला फोटो आला, आणि तो फोटो मी आजही उघडून बघतो.

कामाच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर चामड्याचे वायसर ओळीनं मांडलेले. मी बोटांनी फोटो मोठा केला. कापलेल्या कडेला दोन्ही बाजूंनी तपकिरी आणि मधे निळसर राखी पट्टी. झाडाच्या सालीनं कमावलेलं चामडं आरपार एकाच रंगाचं असतं. आपल्या चपला बघा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यात सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे आहेत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं लहानपणापासून आपल्या पायाखाली आहे. कडेला निळी रेघ दिसली की ते क्रोमचं, म्हणजे सालीऐवजी क्रोमच्या रसायनानं कमावलेलं. जाकिटाला, पर्सला चांगलं, मऊ असतं. मुठीला चालत नाही, कारण दाबलं तरी कडक होत नाही, स्पंजासारखं राहतं आणि घासलं की तंतू उठतात. मला हे माहीत होतं! मी त्याला विचारलंसुद्धा. तो अजिबात गडबडला नाही. म्हणाला, "दादा, तुमची नजर चांगली आहे. ही साधी क्वालिटी. तुम्हाला सालीचं पाहिजे असेल तर १,८०० वाढतील."

मी शंका विचारली आणि त्यानं त्या शंकेचेच पैसे घेतले. १२ मार्चला १,८०० पाठवले. वर मला बरं वाटलं, की बघा, आपल्याला कळतं, आपण पकडलं.

आणि मोजलं नाही. हे सगळ्यात जास्त सलतंय. फोटोत वायसर होते चौदा. माझी मूठ पावणेपाच इंचांची, म्हणजे १२० मिलिमीटर. चामडं साडेतीन मिलिमीटर धरा, चौतीस वायसर लागतात, आणि दाबल्यावर बसतं म्हणून वरती चार-पाच जास्तच. दुकानात खिळ्यांचा डबा नुसता हातात घेऊन शंभर कमी आहेत हे सांगणारा माणूस मी, आणि डोळ्यांसमोर ओळीनं मांडलेले चौदा मोजले नाहीत. तेव्हा ६,३५० गेले होते. साताऱ्याहून कुपवाड काही दिल्ली नाही. सकाळची एसटी धरली असती तर दुपारी चाकू हातात घेऊन परत आलो असतो. त्यानंतर ५,४७० गेले आणि पातंही गेलं.

चामड्याची मूठ करायला देणाऱ्यांनो, रिकाम्या शेपटीचा फोटो मागा. पट्टी लावून. वायसर मोजा.

२१ मार्चला १,४५०. कशाचे? तर म्हणे मूठ बसवताना पातं तापलं, आता पुन्हा पाणी द्यावं लागेल, म्हणजे तापवून बुडवून कडक करावं लागेल. पाणी दिलेल्या पात्याला मूठ बसवायला तापवायची गरजच नसते. कुणी गार्डला डाख मारताना पातं तापवलंच, तर दोनशे-अडीचशे अंशांच्या पुढं धारेचा कडकपणा उतरायला लागतो, म्हणून जाणता माणूस पात्याला ओलं फडकं गुंडाळून काम करतो. ज्यानं चूक केली त्यानं भरपाई द्यायची की माझ्याकडून पैसे घ्यायचे? पण तोपर्यंत माझी अवस्था अशी होती, की आता मधेच तोडलं तर पातं परत मिळणार नाही. म्हणून दिले. ३ एप्रिलला म्यानाचे १,६००. ७ एप्रिलला पॅकिंग आणि कुरिअरचे ६२०.

१२ एप्रिलला पार्सल आलं. दिसायला देखणं, खोटं कशाला बोलू. मूठ चकचकीत, पितळ लखलखीत. पातं मात्र आरशासारखं. वडिलांचं पातं काळपट निळं होतं, इतक्या वर्षांच्या कांद्या-लिंबानं रंगलेलं, आणि मी बजावून सांगितलं होतं की पॉलिश करू नको. फोन केला तर, "दादा, गंजाचे डाग खोल होते, काढावेच लागले." ठिपके? "गार्डखाली गेले." गार्डखाली गेले असतील, मी स्वतःची समजूत घातली. हे लक्षात ठेवा, खूण झाकली जाईल असं काम कुणालाही करू देऊ नका.

एप्रिलच्या शेवटी बामणोलीला तळ्याकाठी मुक्कामाला गेलो होतो. कैरी कापली, फोडींना मीठ लावलं, गप्पांत अर्धा तास चाकू तसाच पडून होता. पाट्याच्या पोलादाला कैरी लागली की पाच मिनिटांत काळे-निळे डाग उठतात आणि हाताला लोखंडाचा वास येतो. वडील ओरडायचे, "कापलं की लगीच पूस." मी फडक्यानं पुसलं. पातं लख्ख. वास नाही, डाग नाही. माझ्या पोटात गोळा आला. मित्रांना काही बोललो नाही.

मे महिन्यात वळवाच्या पावसात एकदा चाकू भिजला, मूठ फुगली आणि हातात फिरायला लागली. २९ मेला दुकानात व्हाइसला लावून उघडली. पुढं सात वायसर चामड्याचे, मागं सात चामड्याचे. तेही क्रोमचेच, निळी पट्टी तशीच. म्हणजे १,८०० घेऊनही तेच वापरले. आणि मधे? रबरी चपलेच्या सोलच्या चकत्या, तपकिरी रंग मारून. शेपटी दोन इंचांत संपलेली आणि पुढं आटे पाडलेली सळई एम-सीलनं चिकटवलेली. गार्ड काढला. खाली गुळगुळीत स्टेनलेस. तीन ठिपके नाहीत. चपला शिवणारे एक जुने कारागीर शेजारी बसतात, त्यांना चकती दाखवली. त्यांनी नखानं दाबली आणि म्हणाले, "आरं, ह्ये अस्तराचं चामडं हाय. ह्याची कुठं मूठ हुती व्हय?" तिथंच मला रडू फुटलं.

त्याचा नंबर बंद. कुपवाडला गेलो. पत्त्यावरचा गाळा दुसऱ्याचाच. वॉचमन म्हणाला, एक पोरगा कधीमधी येऊन तासाचे पैसे देऊन ग्राइंडर वापरायचा. नाव त्यालाही माहीत नाही.

आता तक्रारीचं ऐका. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, तो लगेच, त्याच तासाला लावायचा असतो, म्हणजे पैसे पुढं सरकायच्या आत थांबवता येतात. माझा शेवटचा हप्ता जाऊन दीड महिना उलटला होता. बँकेत गेलो तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, पिन तुम्हीच टाकलाय ना, मग फसवणूक कशी? मी म्हटलं, बाई, चोराला दार मीच उघडलं म्हणून तो पाहुणा होतो का? त्यांनी पुढच्याला बोलावलं.

इथल्या पोलिस ठाण्यात गेलो. साहेब राउंडला गेलेत. अडीच तास बाकड्यावर. नंतर जे आले त्यांचा पहिला प्रश्न, "चाकू कशाला लागतो तुम्हाला?" फसवणुकीची तक्रार घेऊन गेलेला माणूस मी, आणि उत्तरं मी द्यायची! नियमात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची गोष्ट आहे, माझं सात इंच आणि सव्वा इंच, हे मी त्यांना सांगितलं. "आम्हाला कायदा शिकवू नका." मग, गाळा कुपवाडचा म्हणजे हद्द तिकडची. तिकडं गेलो, तर पैसे साताऱ्यातून गेले म्हणजे हद्द इकडची. पुन्हा इकडं. मी तीन चकरा मारल्या, दुकान तीन दिवस बंद ठेवलं. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायला लागते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय, १ जुलै २०२४ पासून लागू आहे. हे मला नंतर एका वकिलानं सांगितलं. आधी कळलं असतं तर कागद टेबलावर ठेवूनच बोललो असतो. तुम्ही ठेवा.

शेवटी साधा अर्ज घेतला. पोच मागितली तर, "पोच कशाला, आम्ही पळून चाललोय का?" पोच घेतल्याशिवाय उठू नका, मी मूर्खासारखा उठलो. आणि अर्जात चोरीला गेलेल्या वस्तूची किंमत लिहायची होती. "पावती आहे का?" १९७९ साली लोहारानं पायलीभर ज्वारीवर करून दिलेल्या चाकूची पावती कुठून आणू? मग त्यांनी लिहिलं, एक जुना चाकू, अंदाजे किंमत दोनशे रुपये. मी सही केली. त्या सहीचा राग मला त्या चोराच्या रागाइतकाच येतो.

ग्राहक आयोगाचंही विचारून आलो. पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, एवढं चांगलं आहे. पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. माझ्याकडं एक बंद नंबर आणि यूपीआयवरचं एक नाव आहे, जे बहुधा त्याचं नाहीच. म्हणून सांगतो, पहिला रुपया द्यायच्या आधी पक्कं बिल मागा, जीएसटी नंबर मागा, तो तपासा. टाळाटाळ केली की फोन ठेवा. आणि घरची जुनी वस्तू असेल तर कुरिअर करू नका. स्वतः जा, समोर बसा, काम होईपर्यंत हलू नका. दिवस मोडला तर मोडला.

वडिलांचं पातं त्यानं वितळवलं नसणार, त्याला त्याची किंमत कळत होती. दुसरी मूठ लावून कुणाला तरी विकलं असणार, कदाचित इथंच, सांगली-कोल्हापूरकडं. सात इंच, बुडाशी सव्वा इंच रुंद, रंग काळपट निळा, पॉलिश केलं असलं तरी पाठीवर हातोडीचे ठोके बोटाला लागतील. टोकापासून दोन बोटं मागं धारेला एक बारीक दात पडलाय, तो मी लहानपणी तारेवर मारून पाडला होता. आणि बुडाशी उजव्या अंगाला तीन ठिपके, मधला थोडा खाली. कुणाच्या हातात असा चाकू दिसला तर त्याच्याशी भांडू नका, त्यानं तो पैसे मोजूनच घेतलेला असणार. तो म्हणेल ती किंमत मी देईन.