कासेल्लाचा पियानो, रात्री दीड वाजता, केळीच्या बागेत

आमच्याकडे यावल तालुक्यात या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे, म्हणजे मोटर चालू करा, ठिबकचे कॉक फिरवा अन् जागत बसा, कानात काहीतरी लागतंच. भजनं झाली, नाट्यगीतं झाली, मग भाच्याने ॲपवर अल्फ्रेडो कासेल्ला लावून दिला. इटलीतल्या तुरिनचा संगीतकार, जन्म १८८३, शिकला पॅरिसला, गेला १९४७ मध्ये. सगळा पियानो मिकेले द'अम्ब्रोसिओने वाजवलाय, तीन सीडी भरतील एवढा.

पहिल्या रात्री चुकलो, १९०४ ची टोकाटा लावली, म्हणजे बोटांच्या चपळाईसाठीचा तुकडा. बोटं नुसती पळतात, वाजवणाऱ्याचं कौतुक आहे पण हाती काय लागलं तर काही नाही.

मग पोरांसाठीचे अकरा तुकडे लावले, १९२० चे. त्यात एक वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचा नाच, फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर आणि लगेच पुढचा कॅनन फक्त काळ्यांवर! मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, काळी तीनचा सा धरला की नुसत्या काळ्यांवर भूप वाजतो हे आम्हाला पाठ, पण इथे स्वर तेच पाच अन् भूप कुठेच नाही भो. कॅनन म्हणजे एक हात बोलतो, दुसरा मागून तेच उचलतो, आमच्या टाळकऱ्यांसारखं, फक्त हे पहिल्याचं संपायची वाटच बघत नाहीत.

आणि 'आ नोत्ते आल्ता', १९१७. नावाचा अर्थच रात्र खूप झालेली. थंडगार सूर, समेवर यायची घाई नाही, मध्येच एवढं हळू की आता संपलं वाटतं. मी कॉक फिरवायचंच विसरलो, एका लाईनीला दुप्पट पाणी गेलं. सकाळी बायको म्हणे डोळा लागला होता का, म्हटलं हो, कोण समजावत बसणार.

हा विसरला गेला त्याचं एक कारण त्याने स्वतःच करून ठेवलंय, १९३७ मध्ये इटलीने इथिओपियावर केलेल्या स्वारीवर ऑपेरा लिहून मुसोलिनीला अर्पण केला. १९१७ च्या त्या रात्रीचा याच्याशी काय संबंध असं मी मनाला सांगतो, पूर्ण पटत नाही, तरी ऐकतो.

चार स्टार, एक टोकाटाचा कापला. ॲपवर सगळी नावं इटालियनमध्ये, शोधताना वैताग येतो. आणि मोटरीपासून लांब बसा, नाहीतर हळू सूर घरघरीत जातात.