अमेरिकी नौदलाची अंतिम मानवंदना: इतमाम चोख, कच्चा दुवा बिगुलाचा

जहाजावरच्या अपघातात गेलेल्या नौसैनिकाला अमेरिकी नौदल अंत्यसंस्काराच्या वेळी लढाईत पडलेल्याइतकाच मान देतं, ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू. 1989 मध्ये ‘आयोवा’ युद्धनौकेच्या तोफबुरुजात स्फोट होऊन 47 जण गेले; 2017 मध्ये ‘फिट्झगेराल्ड’ मालवाहू जहाजाशी धडकली आणि पाणी शिरलेल्या झोपण्याच्या कक्षात 7 जण गेले. अशा वेळी चौकशीच्या निकालासाठी इतमाम खोळंबत नाही. फरक पडतो तो पदकांत. पर्पल हार्ट फक्त शत्रूच्या कारवाईसाठी. सहकाऱ्यांना वाचवताना जीव गेला असेल तर नेव्ही अँड मरीन कोअर मेडल मिळू शकतं.

खर्च काही नाही. माजी नौसैनिकांसाठी 2000 पासून कायद्यानं किमान दोन गणवेशधारी, ध्वजाची घडी आणि ‘टॅप्स’ ही बिगुलावरची निरोपाची धून एवढं ठरलेलं आहे. सेवेत असताना मृत्यू आला तर खांदेकरी, बंदूकधारी पथक आणि बिगुलवादक असा पूर्ण ताफा येतो. कुटुंबाच्या मदतीला नेमलेला अधिकारी (त्याला काको म्हणतात) ही व्यवस्था लावतो. इथे कागद लागतो डीडी 1300, म्हणजे मृत्यूचा अहवाल. सवयीनं डीडी 214 शोधत बसू नये, तो सेवा संपवून बाहेर पडलेल्यांचा.

बंदुकांच्या तीन फैरींना लोक सर्रास ‘एकवीस तोफांची सलामी’ म्हणतात. सात जणांनी तीनदा झाडल्या की बेरीज एकवीस होते खरी, पण ती सलामी वेगळी, तोफांची. कोऱ्या काडतुसांवर रायफल आपोआप भरत नाही, दर वेळी काडतूस भरण्याचा दांडा हातानं ओढावा लागतो. एकानं तो अर्धवट ओढला की पुढची फैर फाटते आणि कानाला लगेच कळते.

ध्वजाचं काम मात्र उत्तम. शवपेटीवर 5 फूट बाय साडेनऊ फुटांचा सुती ध्वज, ताऱ्यांचा निळा भाग डोक्याकडे, डाव्या खांद्यावर. आधी लांबीत दोनदा दुमड, मग पट्ट्यांच्या टोकाकडून त्रिकोणी घड्या, एकूण तेरा. शेवटी फक्त निळा रंग आणि तारे दिसले पाहिजेत. लाल कड डोकावली तर चूक बहुधा शेवटच्या घडीची नसते. पहिल्या दोन दुमडी सैल पडलेल्या असतात किंवा कडा जुळलेल्या नसतात. घडीत रिकामी काडतुसं खोचायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती टाळावी. ध्वजात काही ठेवू नये असं ध्वजसंहिताच सांगते. काडतुसं हवीच असतील तर वेगळ्या पिशवीत मागावीत. ध्वज पत्नीला मिळणार असला तरी सेवेत गेलेल्याच्या आईवडिलांसाठी दुसरा मिळतो. काकोला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

समुद्रात दफन हवं असेल तर एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. जहाज मोहिमेवर असतं, म्हणून कुटुंबाला सोबत जाता येत नाही. नंतर कप्तानाचं पत्र येतं, त्यात तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश असतात.

आता बिगुल. चोवीस सुरांची धून, पण वादक सगळीकडे पुरत नाहीत. म्हणून 2003 पासून बिगुलाच्या पुढच्या रुंद तोंडात बसणारं ध्वनिमुद्रणाचं यंत्र वापरतात. कळ दाबल्यावर काही सेकंदांनी धून सुरू होते, तेवढ्यात बिगुल ओठांना लागला पाहिजे. उशीर झाला, किंवा बॅटरी उतरली, की सगळं उघडं पडतं. खरा वादकही थंडीत चुकू शकतो. 1963 मध्ये केनेडींच्या दफनात सहावा सूर फुटला होता. तरी तो फुटका सूर यंत्रापेक्षा कितीतरी बरा. वादक हवा हे पहिल्याच बैठकीत काकोला सांगावं, आणि नाहीच मिळाला तर ‘ब्यूगल्स अक्रॉस अमेरिका’च्या स्वयंसेवकांना विचारावं.