सफरचंदावर अडकलेला लॅपटॉप: तयार ईएफआय, स्वतः बांधलेला ईएफआय, की सरळ मॅक मिनी?

कंपन्यांनी लीज संपल्यावर काढून टाकलेला थिंकपॅड टी४८० हल्ली संभाजीनगरपासून लातूर-नांदेडपर्यंत सेकंडहँड दुकानांत दिसतो. आठव्या पिढीचा आय५, रॅम वाढवता येते, कीबोर्ड दणकट. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याला फायनल कट हवं असतं, इंजिनिअरिंगच्या पोराला एक्सकोड (ऍपलसाठी ऍप्स बनवायचं साधन), आणि ही दोन्ही मॅकशिवाय चालत नाहीत. म्हणून या साध्या लॅपटॉपवर ऍपलची मॅकओएस चालवायला (यालाच हॅकिंटॉश म्हणतात) पेनड्राइव्ह बनतो, पडद्यावर ऍपलचं सफरचंद उगवतं, खालची पट्टी अर्ध्यावर थांबते ती थांबतेच.

इथून तीन वाटा फुटतात. त्याच मॉडेलचा कुणीतरी बनवलेला ईएफआय फोल्डर (मशीन सुरू होताना लागणाऱ्या फाइलींचा) उतरवून घ्यायचा, ओपनकोरचा, म्हणजे मॅकओएस सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा, कॉन्फिग (सेटिंगची फाइल) स्वतः पहिल्यापासून बांधायचा, किंवा नाद सोडून खरा मॅक घ्यायचा. क्लोव्हर या जुन्या बूटलोडरची चौथी वाट आता धरू नका. बिग सरपासून (मॅकओएस ११) त्यालाही ओपनकोरचेच तुकडे आत घ्यावे लागले, आणि आजची बहुतेक माहिती ओपनकोर धरूनच लिहिलेली असते.

कोणती वाट धरायची हे मशीन नेमकं कुठे अडकतं त्यावर ठरतं. सफरचंद ते दाखवत नाही, त्यामुळे आधी ते घालवा: कॉन्फिगमधल्या बूट-आर्ग्समध्ये (सुरू होतानाच्या सूचनांची ओळ) ‘-व्ही कीपसिम्स=१ डीबग=०एक्स१००’ (-v keepsyms=1 debug=0x100) टाका. आता पडद्यावर पांढऱ्या ओळी धावतील. शेवटच्या आठ-दहा ओळींचा मोबाइलवर फोटो काढा.

ओपनकोरचा मेनूच येत नसेल तर ईएफआय बदलून काही होणार नाही. बायोसमध्ये सिक्युअर बूट आणि सीएसएम बंद, साटा मोड एएचसीआय. पेनड्राइव्ह फॅट३२ हवा, आणि ईएफआय फोल्डर थेट त्याच्या मुळाशी हवा, दुसऱ्या फोल्डरच्या पोटात नको. दहा मिनिटांचं काम.

‘ईएक्सआयटीबीएस:स्टार्ट’ या शब्दांवर थांबलं तर दोष बहुतेक कॉन्फिगच्या बूटर विभागात असतो, म्हणजे मशीनच्या मेमरी नकाशाशी जमत नाही. इथे एक जोडी लक्षात ठेवा: ‘रीबिल्ड-ऍपल-मेमरी-मॅप’ आणि ‘सिंक-रनटाइम-परमिशन्स’ चालू करत असाल तर ‘एनेबल-राइट-अनप्रोटेक्टर’ बंद करायचं. तिन्ही एकदम चालू असलेले तयार ईएफआय ढिगाने सापडतात. दुसरं कारण सीएफजी-लॉक, म्हणजे प्रोसेसरच्या एका सेटिंगवरचं बायोसचं कुलूप. टी४८०च्या बायोसमध्ये तो पर्यायच दिसत नाही, म्हणून कर्नल विभागात ‘ऍपल-एक्ससीपीएम-सीएफजी-लॉक’ चालू ठेवावा लागतो.

‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ म्हणजे मॅकओएसचा कर्नल (गाभा) उठला, पण ज्या पेनड्राइव्हवरून आला तोच आता त्याला दिसेना. मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर १५च पोर्ट मानतं, आणि यूएसबी ३ चं एकच भोक तिथे दोन पोर्ट म्हणून मोजलं जातं. ही मर्यादा उठवणारा ‘एक्सएचसीआय-पोर्ट-लिमिट’ हा पर्याय मॅकओएस ११.३ पासून भरवशाचा राहिलेला नाही. आधी पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टात किंवा यूएसबी २ च्या हबमधून लावून पाहा. पक्का इलाज म्हणजे विंडोजमध्ये असतानाच यूएसबीटूलबॉक्स या साधनाने पोर्टांचा नकाशा बनवणं.

वर्तुळात तिरपी रेघ आली तर मशीनची ओळख, म्हणजे कॉन्फिगमध्ये ते कोणता मॅक असल्याचं लिहिलंय, ती तपासा. बऱ्याच तयार ईएफआयमध्ये ‘मॅकबुकप्रो१४,१’ लिहिलेलं असतं, आणि ती ओळख व्हेंच्युराच्या (मॅकओएस १३) पुढे चालत नाही. सोनोमा किंवा सिकोया (त्यापुढच्या आवृत्त्या) टाकायचं असेल तर ‘मॅकबुकप्रो१५,२’ लागते.

आणि ‘जीआयओ-स्क्रीन-लॉक-स्टेट’ची ओळ दिसून पडदा काळा झाला तर दोष ग्राफिक्सचा. टी४८०च्या यूएचडी ६२० साठी प्लॅटफॉर्म आयडी ‘००००सी०८७’. बायोसने ग्राफिक्ससाठी आधीच राखलेली मेमरी ३२ एमबी असेल तर मॅकला ती पुरत नाही. मग कॉन्फिगच्या डिव्हाइस प्रॉपर्टीजमध्ये ‘फ्रेमबफर-पॅच-एनेबल’ला ‘०१००००००’, ‘स्टोलनमेम’ला ‘००००३००१’ आणि ‘एफबीमेम’ला ‘००००९०००’ द्यायचं. काही टी४८०मध्ये एनव्हिडियाचं एमएक्स१५० कार्डही असतं. ते मॅकओएसमध्ये चालतच नाही, उलट बॅटरी खातं. बूट-आर्ग्समध्ये ‘-डब्ल्यूईजीनोईजीपीयू’ (-wegnoegpu) लिहून ते बाजूला काढा.

आता तुलना. मशीनची ओळख किंवा काळा पडदा एवढ्यावर अडलं असेल तर तयार ईएफआय तासाभरात डेस्कटॉपपर्यंत नेतो. लोक त्याच्या प्रेमात पडतात ते यामुळेच. पण ‘तेच मॉडेल’ या शब्दावर फार विसंबू नका. टी४८० नावाच्या दोन मशीनमध्ये बायोसची आवृत्ती, एसएसडी, वायफाय कार्ड, टचपॅड सगळं वेगळं निघू शकतं. एसएसडी सॅमसंग पीएम९८१ असेल तर इन्स्टॉल होतानाच कर्नल पॅनिक येतो (सिस्टिम कोसळते), आणि ईएफआय कितीही चांगला असला तरी तिथे एसएसडी बदलणं हाच शहाणपणा. ईएफआय उघडून त्यातल्या एसीपीआय फोल्डरमध्ये ‘डीएसडीटी.एएमएल’ नावाची फाइल दिसली तर तो ईएफआय तिथल्या तिथे डिलीट करा. ते दुसऱ्याच्या मशीनच्या हार्डवेअरचं वर्णन करणारं अख्खं टेबल आहे, तुमच्यावर लादलेलं. सिरियल नंबरही दुसऱ्याचेच असतात. जेनएसएमबायोस या साधनाने नवे काढल्याशिवाय ऍपल आयडीने लॉगिन करू नका.

स्वतः बांधायला दोन दिवस मोडतात. लागतं फार थोडं. केक्स्ट, म्हणजे ड्रायव्हरसारखे तुकडे: लिलू, व्हर्च्युअलएसएमसी, व्हॉटएव्हरग्रीन, ऍपलएएलसी, व्हूडूपीएस२, लॅनसाठी इंटेलमाउसी, वायफायसाठी आयटीएलडब्ल्यूएम, आणि एसीपीआयमध्ये प्लग, ईसी-यूएसबीएक्स आणि पीएनएलएफ या फाइली. प्रॉपरट्री या कॉन्फिग-एडिटरमधून क्लीन स्नॅपशॉट घ्यायचा (फोल्डरमधल्या फाइलींची नोंद कॉन्फिगमध्ये होते), मग ओपनकोरसोबत येणारं तपासणीचं साधन ‘ओसीव्हॅलिडेट’ चालवायचं. ते शून्य चुका दाखवेपर्यंत बूट करूच नका. ओपनकोर नवा आणि कॉन्फिग जुन्या आवृत्तीचा, ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक ते लगेच पकडतं. लिलू यादीत सर्वांत वर हवा, कारण बाकीचे बरेचसे त्याच्या खांद्यावर उभे असतात. प्रत्येक बदलानंतर मेनूत स्पेसबार दाबून एनव्हीरॅम (मशीनने साठवलेली सुरू होतानाची सेटिंग्ज) रीसेट करा, आणि एका वेळी एकच बदल करा. मेमरी, सीएफजी-लॉक किंवा यूएसबीवर अडलं असेल तर हीच वाट धरा. तिथे तयार ईएफआय म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा. शिवाय पुढचा अपडेट आला की तो कुठे उसवला हे तुम्हाला कळणारही नाही.

आपल्याकडची खरी खोट मात्र वेगळीच निघते. रिकव्हरी पद्धतीचा पेनड्राइव्ह एक जीबीतही मावतो, पण बाकीचे १२-१४ जीबी इन्स्टॉल करताना नेटवरून उतरतात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर ते होणे नाही. लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, राऊटर बंद पडतो, आणि ‘इन्स्टॉलेशन’ची पट्टी तासभर तशीच राहिली की लोक कॉन्फिग बदलायला घेतात. कॉन्फिगचा काही दोष नसतो. फायबर असलेल्या ठिकाणी लॅपटॉप न्या, वायफायऐवजी लॅनची वायर लावा. ‘रिकव्हरी सर्व्हरशी संपर्क नाही’ आलं तर आधी तारीख-वेळ तपासा. मधे दोन-तीन वेळा मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. प्रत्येक वेळी मेनूतून ‘मॅकओएस इन्स्टॉलर’ निवडायचं. पुन्हा पेनड्राइव्हवरची रिकव्हरी निवडली की सगळं पहिल्यापासून सुरू.

तिसरी वाट कुणी धरावी? अकराव्या पिढीचा आयरिस एक्सई असलेला लॅपटॉप असेल त्याने लगेच. त्या ग्राफिक्ससाठी ऍपलने कधी ड्रायव्हर बनवलाच नाही, त्यामुळे बूट झालं तरी खिडकी सरकवताना पडदा रखडतो. रिअलटेकच्या वायफायचंही रडगाणं तेच, पण तिथे निदान कार्ड बदलता येतं. परवान्याचंही सांगायला हवं: ऍपल मॅकओएस फक्त ऍपलच्या मशीनवर टाकायची मुभा देतं. दुकानात गिऱ्हाइकाला टाकून द्यायचा विचार असेल तर इथंच थांबा.

एक्सकोड शिकणाऱ्याने आणखी एक हिशोब करावा. एक्सकोड २६ हा २०२५ मध्ये आला तेव्हा त्याला किमान सिकोया लागत होतं. टी४८० तिथवर पोचतो. पण टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची मॅकओएस, असं ऍपलने २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. म्हणजे हातात उरलेला काळ वर्ष-दोन वर्षांचा. शिकण्यापुरता तो भरपूर आहे. ऍप स्टोअरवर धंदा करायचा असेल तर कमी, आणि त्याच कारणाने जुना इंटेल मॅकबुक घेणंही पैशाला जड.

लग्नाचे फोर-के व्हिडिओ आठवड्याला द्यावे लागत असतील तर आमचं मत सरळ आहे: टी४८० वर वेळ घालवू नका. तारीख जवळ आली की नेमका तेव्हाच अपडेटनंतर बूट अडतो. एम४ मॅक मिनी २०२४ मध्ये भारतात ५९,९०० रुपयांपासून आला, १६ जीबी मेमरीसह. स्क्रीन, कीबोर्ड, माउस त्यात नाहीत, आणि बॅटरीही नाही. लॅपटॉपची सवय असलेल्याला हे पहिल्यांदा लाईट जाते तेव्हा कळतं, म्हणून मिनीच्या पैशातच एका यूपीएसचेही धरा.